एकच डबी, पण आपल्या नळीची

"आबा, यातली कोनती गोयी चालवू?"

दिवाळीनंतरच्या रविवारी चौदा वर्षांचा एक पोरगा आणि त्याचा बाप माझ्या रेंजवर आले, तेव्हाचा हा प्रश्न. रेंज म्हणजे फार काही नाही. बोदवड रस्त्यावर बंद पडलेल्या जिनिंगचा एक गाळा, त्यात १० मीटरच्या सहा लेन, वर पत्रे. बापाने पिशवी टेबलावर उपडी केली. एअर रायफलच्या पेलेटच्या, म्हणजे शिशाच्या बारीक गोळ्यांच्या, सात डब्या. चपट्या डोक्याचे, गोल डोक्याचे, टोकदार, एका डबीत जड पेलेट, एकीत सोनेरी मुलाम्याचे. केळीचे पैसे हातात आले होते आणि पोरासाठी त्याने हात आखडता घेतला नव्हता. त्याचं म्हणणं असं, की क्रिकेटवाल्याच्या किटमध्ये चार बॅटी असतात, मग नेमबाजाकडे सात डब्या असल्या तर बिघडलं कुठे?

बिघडलं होतं ते पोराच्या वहीत. ६० गोळ्यांची सीरिज, ६०० पैकी गुण. सोमवारी ५४१, गुरुवारी ५५६, शनिवारी ५३३. दर वेळी डबी वेगळी. गोळी खाली गेली तर श्वास चुकला, ट्रिगर झटकला, की पेलेटच तशी होती, हे त्या पोराला कळायला वाटच नव्हती. आणि पोरं ती पोरंच, वाईट सीरिज झाली की दोष डबीला.

मी सहा डब्या कपाटात टाकल्या आणि एक त्याच्या हातात दिली. "महिनाभर हीच." कोणती दिली? चपट्या डोक्याच्या डब्यांतली हाताला लागली ती. बापाला ते पटलं नाही, पण आबाशी वाद कोण घालणार.

नेमबाजाला गोळ्यांच्या तऱ्हा किती असाव्यात, याबद्दल माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्याला पटणार नाही त्याचा वेळ जायला नको. तऱ्हा लागतात त्या निवडीपुरत्या. आपल्या नळीला कोणती मानवते हे शोधायला चार-सहा प्रकार आणा, नीट तपासा, एक ठरवा, आणि मग त्याच लॉटच्या जेवढ्या परवडतील तेवढ्या घेऊन बाकीच्यांचं तोंड बघू नका. बारा बोअरच्या दुनळीला थोडा वेगळा हिशोब लागतो, तो पुढे येईल.

लॉट म्हणजे काय

मी वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात ३३ वर्षं काढली. १९८६ ला लागलो, २०१९ ला सुटलो. कारखाना १९६४ चा, लष्करासाठी ७.६२ आणि ५.५६ मिलिमीटरची काडतुसं करणारा. बाहेरच्या माणसाला वाटतं तिथे दिवसभर "भारी" गोळी कशी करायची याची चर्चा चालत असेल. तसं काही नसतं. आजची गोळी कालच्यासारखी आहे का, एवढंच बघत आमची उमर गेली.

काडतुसात चार गोष्टी. पितळी केस, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. टोपी पेटते, ती दारू पेटवते, दारूचा गॅस गोळीला नळीतून ढकलतो. दारू जराशी कमी भरली गेली, गोळी केसमध्ये जरा घट्ट बसली, टोपीतला मसाला थोडा इकडेतिकडे झाला, की वेग बदलतो. पॉइंट टू-टूच्या, म्हणजे .२२ बोअरच्या रायफलीच्या, काडतुसात तर वेगळी टोपीच नसते. मसाला केसच्या कडेत, आतून गोल फिरवून भरलेला असतो. तो सगळीकडे सारखा पसरला नाही तर एका ठिकाणी घोडा आपटला की फुटतं, दुसऱ्या ठिकाणी नुसतं टक्.

आता वेग बदलला तर होतं काय, त्याचा ढोबळ हिशोब करू. मॅचची टू-टू गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटरने सुटते. ५० मीटर जायला तिला सेकंदाच्या सहाव्या भागाहून थोडा कमी वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ती साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, लावताना आपण तेवढी उंची देऊनच ठेवलेली असते. पुढची गोळी सेकंदाला १० मीटर कमी वेगाने सुटली, तर ती आणखी साडेसात-आठ मिलिमीटर खाली लागते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळीचं भोक ५.६ मिलिमीटरचं, आणि काठाला शिवलं तरी गुण मिळतो. म्हणजे तुम्ही अगदी मधोमध, १०.९ ची (दशांशात मोजली तर याच्या वर गुण नाहीत) गोळी मारली होती, तरी वेगाने दगा दिला म्हणून ती दहाच्या काठावर जाऊन बसली. तुमचा हात, डोळा, श्वास, काहीही चुकलेलं नाही.

एकाच पेटीत असा फरक असेल तर ती पेटी वाईट. पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या, किंवा एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या लॉटच्या गोळ्यांत असा फरक असणारच. रावेर-यावलच्या माणसाला हे समजवायला मला कधीच त्रास होत नाही. एका बागेतली, एका दिवशी कापलेली केळी पिकायला घातली तर सगळी एकदम रंग धरतात. दोन बागांची मिसळली, की एक फणी पिवळी आणि शेजारची हिरवी. दोन्ही केळी चांगलीच असतात, फक्त एका खोलीत घालायला नको होती. पेटीवर छापलेला लॉट नंबर म्हणजे कोणत्या बागेची, कोणत्या कापणीची, हे.

इंग्लंडची एली, किंवा लापुआ, या काडतूस कंपन्यांची खास चाचणी केंद्रं आहेत. वरच्या दर्जाचे नेमबाज तिथे आपली रायफल घेऊन जातात, ती वाइसमध्ये (लोखंडी शिकंजात) आवळतात आणि एकामागून एक लॉट मारून बघतात. ते बघून कोणी म्हणेल, पाहा, मोठे नेमबाजसुद्धा किती तऱ्हेच्या गोळ्या वापरतात! तर तसं नाही. ते बहुतेक एकाच नावाच्या गोळीचे वेगवेगळे लॉट बघतात, आणि पसंत पडलेला लॉट वर्षाच्या बेगमीला उचलतात. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचं) ब्राँझ आणलं, तेव्हा आमच्या भुसावळच्या रेल्वेवाल्यांनी पेढे वाटले, कारण तो तेव्हा मध्य रेल्वेत टीटीई, म्हणजे तिकीट तपासनीस, होता. फायनलमध्ये ४५१.४. दशांशाच्या त्या खेळात पेटीतली पहिली गोळी आणि शेवटची गोळी जुळी भावंडं नसतील तर माणसाने करायचं काय?

निवड करायची ती अशी

आधी डब्या निम्म्या करा, त्याला गोळी मारावी लागत नाही. १० मीटरच्या कागदी टार्गेटला चपट्या डोक्याचीच पेलेट लागते. तिने कागदाला पंच मारल्यासारखं गोल, स्वच्छ भोक पडतं. टोकदार आणि गोल डोक्याची पेलेट कागद फाडते, मग भोक रिंगला शिवलं की नाही यावरून भांडणं. एअर रायफलला पेलेटचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम बघा, पिस्तुलाला त्याहून थोडी हलकी चालते. या एका चाळणीत त्या बापाच्या सात डब्यांतल्या चार बाद झाल्या. सोनेरी डबीवाली चपटी होती म्हणून राहिली.

मग डोक्याचं माप. ४.५ मिलिमीटरची पेलेट म्हणतात खरी, पण चांगल्या डबीवर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असं लिहिलेलं असतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने काय फरक पडतो, असं मीही पहिल्यांदा म्हटलं होतं. नळीला पडतो. कोणत्या नळीला कोणतं माप मानवेल हे नळी बघून सांगता येत नाही, माझ्यासारख्यालाही नाही. दोन रायफली एकाच कंपनीच्या, नंबर लागोपाठचे, आणि आवड वेगळी. म्हणून मित्राला चांगली लागली म्हणून तीच पेलेट घेणाऱ्याला मी आधी मित्राची नळी घेऊन ये म्हणतो.

आता प्रत्यक्ष मारून बघायचं. रायफल वाइसमध्ये, जबड्यांना रबर लावून, बेताची आवळा. वाइस नसेल तर टेबलावर वाळूच्या दोन पिशव्या, एक पुढे, एक दस्त्याखाली. उभं राहून चाचणी घेऊ नका. मग ती पेलेटची राहत नाही, तुमची होते.

डब्यांची नावं झाका. आमच्याकडे पोराच्या बापाने डब्यांवर कागद चिकटवून क, ख, ग लिहिलं, आणि कोणती कोण ते स्वतःच्या खिशात ठेवलं. सोनेरी डबी महागाची होती, आणि महागाची गोळी मारताना हात आपोआप शहाणा होतो. हे मी फार वेळा पाहिलंय.

डबी बदलली की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका. आधीच्या पेलेटचं शिसं नळीत लागलेलं असतं, टू-टूमध्ये तर प्रत्येक कंपनीचं मेण किंवा ग्रीस वेगळं. नळीला नव्या गोळीची सवय होऊ द्या. त्यानंतर पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप, प्रत्येक ग्रुपला कोरं टार्गेट. एका ग्रुपवर निकाल लावू नका. पाच गोळ्या योगायोगानेही एका भोकात जातात, आणि असा एक कागद भिंतीवर चिकटवून वर्षभर चुकीची पेलेट वापरणारे लोक मला माहीत आहेत.

मोजायचं व्हर्नियरने, ग्रुपच्या एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. त्यातून ४.५ वजा केले की दोन सगळ्यांत लांबच्या गोळ्यांच्या मध्यांमधलं अंतर मिळतं. पाचही ग्रुपांची सरासरी काढा, पण सगळ्यांत वाईट ग्रुप कोणता तेही लिहून ठेवा. स्पर्धेत तुम्हाला सरासरी मारत नाही, तो एक वाईट ग्रुप मारतो.

दुसऱ्या दिवशी हेच सगळं उलट्या क्रमाने करा. पहिल्या दिवशी क सकाळी सातला मारली आणि ग दुपारी बाराला. आमच्या पत्र्याखाली सातला आणि बाराला वेगवेगळा ऋतू असतो. क्रम उलटला की तो फरक दोन्ही डब्यांना सारखा वाटला जातो.

त्या पोराच्या रायफलीचा निकाल असा आला, की ख ची सरासरी ५.८ मिलिमीटर, क ची ६.३, आणि ग ची ८.१, त्यातला एक ग्रुप तर दहाच्याही वर. बापाने खिशातला कागद काढला. ग म्हणजे सोनेरी. ख म्हणजे साधी ४.५० ची, तिघींत स्वस्त. आणि महिनाभर पोराने वापरली होती ती क. म्हणजे मी आंधळेपणाने दिलेली दुसरी आली, आणि तरीही त्या महिन्यात पोराचे गुण ५४४ ते ५५२ मध्येच राहिले होते. शिकणाऱ्या पोराला सगळ्यांत चांगल्या पेलेटपेक्षा रोजची एकच पेलेट जास्त कामाची, हे मी बापाला तेव्हा पुन्हा सांगितलं नाही. तो वही बघतच होता.

जरा पुढे गेलेल्यांना दोन डब्या चालतात. सरावाला स्वस्तातली, मॅचला चांगली, पण दोन्हींचं वजन आणि डोक्याचं माप एकच असावं, आणि स्पर्धेच्या आधीचा पंधरवडा फक्त मॅचची. माझ्याकडे ५६० च्या खाली मारणाऱ्याला दुसरी डबी मिळत नाही. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझा आहे.

आणि एक, पोरांनी पेलेट ओठांत धरायच्या नाहीत. शिसं आहे ते. रेंजवरून उठलं की आधी साबणाने हात, मग डबा.

टू-टू आणि आपलं ऊन

पॉइंट टू-टूच्या पेट्यांवर स्टँडर्ड, हाय व्हेलॉसिटी असं लिहिलेलं असतं, आणि नवखा माणूस हाय बघून भुलतो. टार्गेटला स्टँडर्डच घ्या. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. हाय व्हेलॉसिटीची गोळी ३८० च्या आसपास सुटते आणि ५० मीटरच्या जवळपास पोचता पोचता आवाजाच्या वेगाखाली उतरते. तो उंबरठा ओलांडताना गोळी डळमळते. स्टँडर्ड गोळी मुळातच त्या वेगाखाली सुटते, तिला उंबरठाच नाही.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४५ अंश म्हणजे नवल नाही. तेव्हा आवाजाचा वेग ३५७ च्या पुढे जातो, ते आपल्या पथ्यावरच पडतं. पण दारूही तापते, आणि तापलेली दारू जोरात जळते. एकदा मी स्वतः गाढवपणा केला. धुळ्याला सरावाला जाताना पेटी जीपच्या डॅशबोर्डवर ठेवली, पारोळ्याला शेवभाजी खायला थांबलो, तासभर. रेंजवर पहिल्या दहा गोळ्या वरच. मी साइट खाली घेतली. मग सावलीत ठेवलेल्या दुसऱ्या पेटीच्या गोळ्या घेतल्या, तर सगळ्या खाली. लॉट एकच होता. लॉट एकच असला तरी त्याला दोन हवामानांत ठेवलं की त्याच्या दोन तऱ्हा होतात. तेव्हापासून मी काडतुसं जाड कापडात गुंडाळून, सावलीत, रायफलीशेजारीच ठेवतो. थंडीतही तेच. जानेवारीत धुळ्याची पहाट आठ-दहा अंशांवर असते, तेव्हा मेमधली साइटची खूण विसरा, नव्याने लावा.

घोडा पडला आणि गोळी सुटली नाही, तर बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) लगेच उघडू नका. नळी टार्गेटकडेच, मनात ३० मोजा, मग काढा. कधी कधी मसाला उशिरा पेटतो.

दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या गोळीचं नाव वहीत राहू द्या. मॅचची टू-टू काडतुसं बहुतेक बाहेरच्या देशांतून येतात, आणि माल कधी येईल ते आपल्या हातात नसतं. पसंतीचा लॉट संपला आणि नवा आला नाही, तर चाचणी झालेली दुसरी गोळी माहीत असावी. चार प्रकार तपासण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो.

दुनळीचा वेगळा हिशोब

आमच्या घरी वडिलांची बारा बोअरची दुनळी आहे, केळीच्या बागेच्या राखणीसाठी घेतलेली. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती नळी. या बंदुकीला मात्र तऱ्हा असतातच, कारण एकाच केसमध्ये वेगवेगळे छर्रे भरता येतात. ब्रिटिश मापाने (एलजी, एसजी, बीबी ही मोठ्या छर्ऱ्यांची नावं) एका औंसात एलजीचे ६ छर्रे, एसजीचे ८, बीबीचे ७०, चार नंबरचे १७०, सहा नंबरचे २७०. गावातला माणूस नंबर वाढला की छर्रा मोठा समजतो. इथे उलटं आहे. ट्रॅप आणि स्कीट, म्हणजे उडत्या थाळ्यांची नेमबाजी, खेळणाऱ्यांना २४ ग्रॅमचं, २.६ मिलिमीटरपर्यंतच्या बारीक छर्ऱ्यांचं काडतूस लागतं, त्यांचा विषय तिथेच संपतो.

खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं आपल्याकडे घरोघरची. नंबर कोणताही घ्या, आपल्या बंदुकीत तो कसा पसरतो ते रेंजवर एकदा बघाच. जुन्या पेपरची पानं खळीने चिकटवून मोठा कागद करा, ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर लावा, मधोमध एक गोळी झाडा. मग जिथे छर्रे दाट पडलेत तिथे ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढून आतली भोकं मोजा. चोक म्हणजे नळीचं तोंडाशी आकसणं. फुल चोकच्या नळीने ७० टक्के छर्रे आत यावेत, हाफ चोकने ६०, साध्या सिलिंडर नळीने ४०. दुनळीच्या दोन नळ्यांना बहुतेक वेळा दोन चोक असतात, तेव्हा दोन्हींचे कागद वेगळे. तीन कागद प्रत्येक नळीचे, प्रत्येक नंबरचे. मी वडिलांच्या बंदुकीवर हे केलं तेव्हा डावी नळी चार नंबरला छान आणि एलजीला वेडीवाकडी निघाली.

आता लांबीकडे नीट बघा, कारण इथे बंदूक फुटू शकते. जुन्या दुनळींचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, ६५ मिलिमीटरचं असतं, नव्या काडतुसांत ७० मिलिमीटरची भरपूर. कोणी म्हणेल, लांब असेल तर बसणारच नाही, मग भीती कसली? बसतं! ७० हे माप झाडून झाल्यावर उलगडलेल्या केसचं असतं. न झाडलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं, म्हणून ते आखूड असतं आणि ६५ च्या चेंबरमध्ये गपकन जातं. झाडताना दुमड उलगडायला जागा मिळत नाही, तोंड पुढच्या निमुळत्या भागात अडतं आणि दाब चढतो. घरात एक रिकामी केस असेल तर व्हर्नियर लावून बघा, आणि नळीच्या खालच्या बाजूला चेंबरचं माप कोरलेलं असतं ते वाचा. वाचता येत नसेल तर परवाना असलेल्या कारागिराकडे न्या.

दुसरा धोका आमच्याच ओट्यावर घडता घडता राहिला. १९८८ चा पावसाळा. काकांची वीस बोअर आणि वडिलांची बारा बोअर, दोन्हींची काडतुसं एकाच पत्र्याच्या पेटीत. कंदिलाच्या उजेडात वडिलांनी एक उचलून नळीत टाकलं, ते सुळकन पुढे गेलं. त्यांना वाटलं हातातून खाली पडलं. दुसरं घेतलं आणि भरणार, तेवढ्यात सवयीने नळीतून कंदिलाकडे पाहिलं. उजेड दिसेना. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकून बसलं होतं. मागे बाराचं भरून घोडा ओढला असता तर डाव्या हाताची बोटं गेली असती, कदाचित जास्तच. याच कारणाने वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची रीत आहे. पण आमच्या पेटीतली जुनी होती, कागदी, ओलीने फुगलेली, रंग कुठला राहतोय. दुसऱ्या दिवशी काकांनी आपली काडतुसं पांघरुणाच्या ट्रंकेत हलवली. एका घरात दोन बोअर असतील तर दोन कुलपं, दोन कपाटं. भरण्याआधी नळीतून उजेड बघायचा, दर वेळी.

असाच घोळ बत्तीसचा. .३२ चं रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि बुडाला कडा असलेलं, पिस्तुलाचं ७.६५ मिलिमीटर वेगळं, आखूड. दोघांनाही लोक बत्तीसच म्हणतात. मला एकदा एका दुकानात रिव्हॉल्व्हरसाठी पिस्तुलाची पेटी बांधून दिली होती, मी घरी येऊन उघडली तेव्हा कळलं. दुकानातच उघडून बघा.

परवान्याचं थोडक्यात. कोणत्या बोअरची, एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. चार प्रकार थोडे थोडे घेत बसलात तर तो आकडा चाचणीतच संपेल, म्हणून चाचणी क्लबच्या रेंजवर, क्लबच्या साठ्यातून करता आली तर बघा. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. रानडुक्कर, रोही (नीलगाय) यांनी केळी लोळवली म्हणून राग येतो, मलाही येतो, पण वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावरावर झाडलेलं कोणतंही काडतूस १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि हळदीत, वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ ची दुरुस्ती आली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वही

वहीशिवाय हे सगळं वाया. माझ्या पोरांच्या वहीत एका ओळीत तारीख, वेळ, तापमान, पेलेटचं नाव, माप, लॉट नंबर, गुण, आणि शेवटी एक मोकळा रकाना. डबी संपली की तिच्यावरचा लॉटचा कागद सोलून वहीत चिकटवायचा. डबी हळू उघडायची, पेलेट ओतायच्या नाहीत, त्यांचा मागचा घेर मऊ असतो, दबतो. शंका आली तर काचेवर घरंगळत सोडा, दबलेली पेलेट सरळ जात नाही, ती बाजूला काढा.

त्या बापाने ख च्या एकाच लॉटच्या दहा डब्या घेतल्या. सोनेरी डबी अजून माझ्या कपाटात पडून आहे, तो मागत नाही आणि मी आठवण करत नाही. फेब्रुवारीत पोराची वही बघितली. ५५१, ५५४, ५५२, ५५३. एका शनिवारी ५४६. त्या दिवसाच्या मोकळ्या रकान्यात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात त्याने लिहिलं होतं: ४३ वी आठ. ट्रिगर झटकला. गोयी बरोबर होती.